अबोली की शेंदरी?

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, वर गॅलरीत उभ्या आहेत त्या. हं… समोरच्यांच्या सुनेला नवा लॅपटॉप आला म्हणून पेढे वाटले होते ना, तो विकायला काढलाय म्हणे! नावं नको घ्यायला, तुम्हाला कळलंच.

आता ती पोर घरबसल्या लग्नपत्रिका करते, दुकानांचे बॅनर करते, गुणी हो अगदी. पण लॅपटॉप आणायला गेला कोण? धाकटा दीर. 'वहिनी, ग्राफिक्सचं काम ना, मग गेमिंगचाच घ्यायचा, त्यात ग्राफिक्स कार्ड असतं.' अडीच किलोचं ते धूड आणि कीबोर्डखाली लाल-हिरवे दिवे. सासूबाई तर म्हणाल्या, यंदा गणपतीला माळा नकोत. मी आपलं हो हो म्हटलं…

तर काय सांगत होते, पहिलंच काम आलं साड्यांच्या दुकानाचं. मालकांना अबोली रंग हवा होता बॅनरवर. हिला स्क्रीनवर सगळं फिकुटलेलं दिसे, म्हणून बिचारी रंग चढवत गेली. छापून आलं ते लख्ख शेंदरी! मालक बॅनर उलगडून म्हणाले, 'ताई, आम्ही बायकांना साड्या विकतो, मारुतीला नाही.' अहो, तिचा चेहरा असा उतरला, आणि हे म्हणे चार गिऱ्हाइकांसमोर!

मग गेली रडवेली होऊन आप्पा बळवंत चौकात, छापखान्यातल्या काकांकडे. त्यांनी खोक्यावरचं बारीक अक्षर चष्मा पुसून वाचलं. '४५ टक्के एनटीएससी.' म्हणाले, 'अगं, म्हणजे एसआरजीबीच्या हिशेबात साठ-पासष्ट टक्केच रंग दिसतात यात. आपल्या कामाला शंभराच्या आसपास हवेत. कार्ड बघितलंत, पडदा बघितलाच नाही!' या स्वस्तातल्या गेमिंगवाल्यांत हेच तर होतं ना, पैसे सगळे कार्डात जातात नि पडदा लावतात साधा. आणि पत्रिका-बॅनरच्या कामाला कार्ड एवढं लागतंच कुठे? तिथे रॅम हवी, १६ जीबी तरी. कार्ड लागतं थ्रीडीवाल्यांना, व्हिडिओवाल्यांना. काका हेही म्हणाले, पडदा कितीही भारी असो, तो उजेडाने रंग दाखवतो आणि छापखाना शाईने, तेव्हा एक नमुना छापून बघितल्याशिवाय बॅनर सोडायचा नाही.

इकडे घरात नुसती सभा. बंगळूरची नणंद फोनवरून, 'मी तेव्हाच सांगितलं होतं, मॅक घ्या.' मोठ्या जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणतात कशा, 'आणि छापखान्यातल्या त्या कोरलच्या फाइली कुठे उघडायच्या?' फोनवर एकदम चिडीचूप! आता २०१९पासून कोरल ड्रॉ मॅकवर परत मिळतंय, हे नणंदेला ठाऊक असतं तर ती गप्प बसती का? पण छापखान्याचा सगळा कारभार विंडोजवर, फॉन्टसकट. मीही मग मधे पडले नाही. शिवाय मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, घेताना असेल तेवढीच जन्मभर. मॅकबुक एअर तर २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत मुळात ८ जीबीवरच येत होता.

त्यात तो इंटीरियरवाला भाचा आलेला. तो थ्रीडीएस मॅक्सवर काम करतो, ते विंडोजशिवाय चालतच नाही. त्याने दिराची आणखी जिरवली. 'मामा, आरटीएक्स ४०६० एवढं नाव वाचून घेतलंत? तेच कार्ड एका लॅपटॉपात ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५वर. वॅट विचारले होते का?' दीर पाणी प्यायला आत गेला तो… अहो, पंधरा मिनिटं बाहेरच येईना!

आणि खरी मजा पुढेच. सासरे, एरवी पेपरातून डोकं वर न काढणारे, म्हणाले, 'विकता कशाला? चांगल्या रंगांचा मॉनिटर आणा नि वायरने जोडा.' सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणाला सुचलं नव्हतं हो! सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता म्हणे, नवऱ्याचं कौतुक करावं की लेकाची बाजू घ्यावी. मी तर म्हणते, हेच शहाणपणाचं. निम्म्या किमतीत लॅपटॉप फुंकण्यापेक्षा चोवीस इंची मॉनिटर केव्हाही परवडला. मान अवघडत नाही ते वेगळंच.

तुमच्या पुतणीलाही घ्यायचाय ना? मग दुकानात जाताना एक छापील पत्रिका आणि तिचीच फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. पडद्याशेजारी पत्रिका धरा आणि रंग ताडून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.