बैलाएवढा उंदीर की उंदराएवढे शंभर बैल?

घोड्याएवढ्या एका बदकाशी लढाल, की बदकाएवढ्या शंभर घोड्यांशी? हा रिकामटेकडा प्रश्न परदेशातून आलाय, म्हणून त्यात बदक आहे. तुर्भ्यात बदकाचं काय काम? इथे तो बैलाएवढा एक उंदीर की उंदराएवढे शंभर बैल, असाच मांडायला हवा. बहुतेक मंडळी क्षणाचाही विलंब न लावता शंभर बैल मागतात. चिमुकलेच तर आहेत, चपलेने आवरू म्हणतात. अशांना ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसवावं, तुर्भ्याला उतरवावं आणि घाऊक बाजाराच्या आवारात पायी फिरवावं. (बाजार तुर्भ्यात आणि नाव वाशीचं, ही तुर्भेकरांची जुनी ठसठस आहे, तिच्यात पडू नये.)

दाणाबाजारात पन्नास किलोची गोणी ट्रकमधून उतरते, माथाडी कामगाराच्या पाठीवर बसते, गाळ्यात थप्पीला लागते आणि विषय संपतो. तीच गोणी वाटेत उसवली की मौज पाहावी. वजन तेवढंच, पण आता समोर गोणी नसते, तूरडाळ असते. ती हातगाडीच्या चाकाखाली जाते, फरशीच्या फटीत बसते, गटाराच्या जाळीतून खाली उतरते. मापाडी ओरडतो, मेहता वाकतो, झाडणारी बाई सूप घेऊन येते, आणि एवढं होऊनही मूठभर डाळ उरतेच. ती कोणासाठी उरते, हे शटर खाली आल्यावर कळतं. मोठ्याचा निकाल लागतो. बारक्यांचा नुसता पाठलाग होतो, एवढंच माझं म्हणणं.

त्याला इतिहासाचा पुरावा आहे. हा दाण्याचा व्यापार नवी मुंबईत येण्याआधी मशीद बंदर-मांडवी भागात होता. त्याच मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने गटारं धुतली, कार्बोलिक शिंपडलं, घरोघर झडत्या घेतल्या. उंदीर शेजारच्या गोदामात राहायला गेले. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं, की रोग पोचवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. म्हणजे बारक्यांच्या अंगावर आणखी बारके, आणि त्यांच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे. औरंगजेबाची कथा याहून वेगळी नाही. १६८१ मध्ये तो दख्खनेत उतरला. विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. दोन मोठी राज्यं वर्षभराच्या अंतराने खिशात. मग आज इथे, उद्या तिथे उगवणाऱ्या मराठ्यांच्या तुकड्यांमागे त्याची उरलेली वीस वर्षं गेली आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला. शंभर बैल मागणाऱ्यांनी त्याला विचारून मग मागावेत.

शिवाय बैलाएवढा उंदीर दिसायला भयंकर असला तरी हिशेबात कच्चा आहे. वीतभर उंदीर दहापट लांब केला, तर रुंदी आणि उंचीही दहापट होते, म्हणजे वजन हजारपट. हाडाची जाडी मात्र आडव्या छेदात शंभरपटच वाढते. प्रत्येक हाडावर दसपट ताण! गॅलिलिओने हे १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. आपण बाह्या सरसावेपर्यंत प्रतिस्पर्धी स्वतःच्याच वजनाने बसलेला असेल. यावर कोणी हत्ती दाखवेल. हत्ती उभा राहतो, कारण त्याचे पाय खांबासारखे असतात. उंदराला ते कोण लावून देणार? दोडामार्गचा बागायतदार मात्र हसणार नाही. २००२ पासून कर्नाटकातून उतरणाऱ्या हत्तींनी त्याच्या केळी नि माड आडवे केलेत. त्याचं नुकसान खरं आहे, आणि त्याच्याशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही. तरीही हत्ती कुठल्या वाडीत आहे हे गावाला कळतं, वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो. डासाचा पंचनामा झाल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.

राहता राहिला चतुर आक्षेप: उंदराएवढे बैल म्हणजे काही उंदीर नव्हेत, ते बिळात शिरत नाहीत आणि बैल असल्यामुळे त्यांची प्रजाही वाढत नाही. दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. पण वरचं गणित उलटं चालवलं, की हाच बैल अंगाच्या मानाने दसपट दणकट निघतो. थप्पीवरून पडला तर अंग झटकून उठेल, आणि सुईएवढी शिंगं घेऊन नेमका घोट्याशी येईल. त्यात भाजीबाजार शेजारीच. कोबीच्या ढिगात शिरलेले शंभर बैल मोजून बाहेर काढायचे, आणि नव्व्याण्णव भरले तर पुन्हा पहिल्यापासून. बैलाएवढ्या उंदराला मात्र गटारातून येता येणार नाही. त्याला आवक गेटनेच यावं लागेल, तेही पहाटे, कांद्याच्या ट्रकच्या रांगेत, आणि पुढचा ट्रक हलल्याशिवाय त्याला पाऊलही टाकता येणार नाही.