आत या, थंडी आहे!

जळगावला जाताना मी दोन सुती बुशशर्ट, एक टोपी आणि उन्हाचा चष्मा घेतला होता. डिसेंबर संपत आला होता, पण दर मे महिन्यात पहिल्या पानावर ‘जळगाव ४५’ वाचत वाढलेल्या मुंबईकराला तिथं हिवाळाही असतो हे कुणीतरी सांगावं लागतं. साडूभाऊंनी ते सांगितलं नाही. फोनवर ते एवढंच म्हणाले, “वांगी आलीत, भरताला या.” बहिणीकडे दोन हिवाळे काढून आलेल्या बायकोनं बॅगेत गुपचूप शाल घातली होती. ती मी तितक्याच गुपचूप काढून ठेवली.

पहाटे साडेचारला जळगाव स्टेशनबाहेर आलो. रिक्षावाले रिक्षात नव्हते, रिक्षांच्या मधोमध होते. पुठ्ठे आणि फळ्यांचे तुकडे जळत होते आणि भोवती पाच-सहा माकडटोप्या उकिडव्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझ्या अर्ध्या बाह्यांकडे पाहून विचारलं, “मुंबई?”

“हो.”

“बसा शेकायला. भाड्याचं मंग पाहू.”

पहाटे कुणाच्या घराची कडी वाजवू नये, साडूच्या तर नाहीच, म्हणून आधी लॉजवर गेलो. लॉजचा मॅनेजर फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत, पायाशी शेकोटी आणि मांडीवर रजिस्टर घेऊन बसला होता. मी विचारलं, “आत कोणी नाही का?”

“आत कोण बसेल भो इतक्या थंडीचं!”

या वाक्याचा अर्थ त्याच क्षणी लक्षात घ्यायला हवा होता. पण मी किल्ली घेतली आणि आत गेलो.

खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीत कूलर बसवलेला होता. उन्हाळ्यात कूलर खिडकीच्या मापाचा घेतात की खिडकी कूलरच्या मापाची पाडतात, हे मला माहीत नाही. पण एकदा तो बसला की बारा महिने हलत नाही. त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, ताट्यांना भोकं, आणि त्या भोकांतून सातपुड्याकडचा वारा मोटारीशिवाय, विजेशिवाय, फुकटात आत येत होता. माझ्या आधीच्या कुणीतरी त्याच्या तोंडावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. ते मे महिन्यातलं असावं, कारण त्यात उष्माघाताची बातमी होती. दिवा आणि पंखा एकाच बटणावर होते, त्यामुळे उजेड हवा असेल तर वारा खाणं भाग होतं. फरशी शहाबादी. तिच्यावर अनवाणी पाय ठेवला आणि मला माझे सगळे पूर्वज एका रांगेत दिसले. गरम पाण्याचं विचारायला खाली आलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, “सोलर आहे ना. सूर्य निघू द्या.” चेकआउटची वेळ मात्र सूर्याला न विचारता ठरवलेली होती.

उरलेली पहाट मी रजिस्टरशेजारी शेकोटीवर काढली. खोलीचं भाडं पूर्ण भरलं आणि वापरला फुटपाथ.

पुढच्या दोन दिवसांत मला कळलं की यात त्या लॉजचा काही विशेष दोष नव्हता. खान्देशात हिवाळ्यात थंडी बाहेर पडते आणि आत राहते. हे जरा उलगडून सांगतो, कारण साडूभाऊंनी मला ते दोन चहा पाजून सांगितलं आहे.

तापीच्या खोऱ्यात डिसेंबरची हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असतं. जमिनीनं दिवसभर घेतलेली ऊब रात्री धरून ठेवायला वर ढगांचं पांघरूण नसतं, म्हणून ती थेट आकाशाला देऊन टाकली जाते. सकाळी पारा आठ-नऊवर, दुपारी अठ्ठावीस-तीसवर. म्हणजे एका दिवसात महाबळेश्वर आणि मुंबई, तेही एकाच गावात आणि एकाच शर्टात. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरपेक्षा जेमतेम अडीचशे मीटरवरचं धुळं कित्येक पहाटे जास्त गार असतं, ते याचमुळे. गार हवा जड असते. ती उताराउतारानं सखल भागात येऊन बसते आणि डोंगर त्यामानानं उबेत राहतो.

आता या हवेत माणसानं घर कसं बांधावं? साडूभाऊ म्हणाले, “आपलं घर मे महिन्याशी भांडायसाठी बांधेल आहे. डिसेंबरशी आपलं वैर नाही.” जुनी धाब्याची घरं घ्या. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खिडक्या नावापुरत्या. बाहेर पंचेचाळीस असताना आत माणूस माणसासारखा झोपू शकतो. पण हीच भिंत हिवाळ्यात दुपारचं ऊन आत येऊ देत नाही, आणि रात्रीचा गारठा पोटात धरून सकाळी सावकाश, हप्त्याहप्त्यानं परत करते. नवी सिमेंटची घरंही त्याच वळणाची. पांढरी रंगवलेली गच्ची, छताला दोन पंखे, पायाखाली टाइल्स. दहा वाजता अंगणात माणसं स्वेटर काढत असतात आणि दिवाणखान्यात बसलेला पाहुणा उशी पोटाशी धरून ‘नको, मी ठीक आहे’ म्हणत असतो. तो पाहुणा मी होतो.

साडूभाऊंचा पुतण्या टोरांटोत असतो. तिथं बाहेर उणे वीस. पण घरात तो हाफ पँटवर फिरतो, कारण घराला हीटर आहे. मागच्या नाताळात तो आला आणि जळगावच्या देवघरासमोर जाकीट, मोजे, मफलर घालून बसला. आठ अंशांत एवढं काय, असं सगळे हसले. तो म्हणाला, “काका, तिकडं थंडी बाहेर ठेवतात. तुम्ही तिला घरात घेतलीय.” पोराच्या शिक्षणाचा खर्च वसूल झाला असं साडूभाऊंना तेव्हा प्रथमच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात एक चक्कर टाकली. नऊ ते अकरा अख्खं जळगाव रस्त्याच्या एकाच बाजूला असतं, उन्हाच्या. समोरच्या बाजूचे दुकानदारही इकडच्या पायरीवर येऊन बसलेले असतात आणि आपल्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की तिथूनच ओरडून भाव सांगतात. मे महिन्यात हीच मंडळी पलीकडे जात असणार. वर्षभर असं बाजू बदलत राहणारं गाव राजकारणात मागं राहणं शक्य नाही.

मग साडूभाऊंच्या कॉलेजातल्या मुलीनं, “काका, तुम्हाला मुंबईसारखं काहीतरी दाखवते,” म्हणून एका कॅफेत नेलं. काचेचं दार ढकललं आणि मी अंटार्क्टिकाला पोचलो. एसी चालू! भिंतीवर हिरवा आकडा: १८. बाहेर लख्ख ऊन, आत चार मुलं हुडीच्या टोप्या चढवून कोल्ड कॉफी पीत बसलेली. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “हिवाळ्यात एसी?” तो म्हणाला, “सर, एसी कॅफे आहे ना.” बोर्डावर लिहिलं आहे म्हटल्यावर गारठा हा गिऱ्हाइकाचा हक्क झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगून ठेवलं आहे की थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. हा आकडा काटेकोर पाळणारी जागा मला जळगावात सापडली, फक्त तो तिनं उलट्या बाजूनं गाठला होता. मी गरम चहा मागितला. मिळाला तो आइस टी. त्यांच्याकडं चहाचा तेवढाच प्रकार होता.

खरी ऊब मिळाली ती संध्याकाळी, असोद्याच्या वाटेवरच्या मळ्यात. असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. तिथल्या भरताच्या पार्टीला भिंती नसतात, छप्पर नसतं, आणि म्हणूनच थंडी नसते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर वांगी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हेच ते जळगावचं भरिताचं वांगं. वांगी भाजली की साल काढून लाकडी बडगीत टाकतात, लसूण-मिरचीसकट घोटतात, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. सोबत कळण्याची भाकरी. मी आल्या आल्या वांगी उलटण्याचं काम मागून घेतलं आणि तीन तास जाळाजवळून हललो नाही. सासुरवाडीकडच्या माणसांत माझ्या कष्टाळूपणाची जी काही ख्याती आहे, ती त्या रात्रीची.

जेवण झाल्यावर साडूभाऊंनी बॅटरी घेऊन केळीची बाग दाखवली. बागेच्या कडेनं ओला पालापाचोळा धुमसत होता. थंडी वाढली की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, घड बाहेर येताना बुंध्यातच अडकतो. म्हणून रात्री बागेत धूर करतात, पाणी देतात, घडांना पिशव्या घालतात. पारा ठरलेल्या अंशाखाली सलग काही दिवस राहिला तर केळीला हवामानावर आधारित पीकविमाही मिळतो. “आणि तोडणी झाल्यावर?” मी विचारलं. तेव्हा कळलं की केळी पिकवण्यासाठी बंद खोल्या असतात. जाड इन्सुलेशनच्या भिंती, फटीला रबर लावलेली दारं, तापमान सोळा-अठरा अंशांवर चोवीस तास नेमून ठेवलेलं, एक अंश इकडेतिकडे झाला तर घंटा वाजते.

मी त्या अंधारात, अर्ध्या बाह्यांत, काही वेळ गप्प उभा राहिलो. जिल्ह्यात हिवाळ्यात नीट तापलेली, दार लागणारी खोली आहे आणि ती केळ्यांना मिळते. शिवाय विमा.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. एसटीची खिडकीची काच ही दोन बाकांच्या मालकीची सामाईक इस्टेट असते. मी माझ्याकडे ओढली की मागच्या बाकावरचे आजोबा उघडे पडत, त्यांनी ओढली की मी. पारोळ्यापर्यंत आमच्यात एक शब्द न बोलता घनघोर लढाई झाली. पारोळ्याला त्यांनी मला अर्धं घोंगडं दिलं आणि काच त्यांच्याकडे राहिली. तहाच्या अटी मला मान्य होत्या.

धुळ्यात थंडी ही तक्रार नाही, मालमत्ता आहे. तिथल्या कृषी महाविद्यालयात तापमापक आहे, आणि हिवाळ्यात सकाळी भेटलेला माणूस ‘कसे आहात’ विचारण्याआधी ‘आज किती’ विचारतो. पारा सहाच्या खाली गेला की चेहऱ्यावर तेज येतं. खरा वैरी म्हणजे नाशिककडचं निफाड. तिथं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातही तापमापक आहे, आणि तो कधी धुळ्यापेक्षा अर्धा अंश खाली जातो. त्या दिवशी धुळ्यात चहा कडू लागतो. एक गृहस्थ मला फार गंभीरपणे म्हणाले, “त्यांचं मशीन शेतात आहे हो. आपलं पण शेतात ठेवलं असतं तर?” आपलंही शेतकी कॉलेजातच आहे, हे मी बोललो नाही. मी पाहुणा होतो.

गावही वाऱ्याच्या सोयीनं आखलेलं. १८१८ साली खान्देश इंग्रजांच्या हाती आल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. पुढे गल्ल्या नंबरांनीच ओळखल्या जाऊ लागल्या: चौथी गल्ली, पाचवी गल्ली. पुण्याचा वारा बोळाबोळांत चुकतो, दमतो, विचारपूस करत येतो. धुळ्यातल्या वाऱ्याला नंबर तोंडपाठ.

संध्याकाळी ऊब शोधत एका परमिट रूममध्ये शिरलो. इंग्रजी सिनेमात थंडीच्या रात्री पबमध्ये शेकोटी पेटलेली असते, लोक तिच्याकडे पाय करून बसतात. इथं छताचे चारही पंखे फिरत होते, कारण सिगारेटचा धूर जायला हवा. टेबलाच्या वर सनमायका, खाली टाइल्स, मधे मी. वेटरनं विचारलं, “बीअर? चिल्ड, एकदम चिल्ड?” मी रम मागितली आणि सोबत गरम पाणी. तो विचारात पडला. “गरम पाणी किचनमधून आणायला लागेल साहेब. बर्फ फ्री आहे.” शेवटी मी शेवभाजीची वाटी दोन्ही हातांत धरून बसलो. तिच्यातला काळा मसाला हा धुळ्यातला एकमेव हीटर आहे. तो आतून चालतो आणि सकाळपर्यंत पुरतो, हे कुणीच आधी सांगत नाही.

सकाळी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो आणि सवयीनं आतल्या बाकाकडे वळलो. बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला हातानं अडवलं.

“मझार नका जाऊ भाऊ. मझार हिव वाजस. आठे बठा, उनमा.”

अहिराणी मला येत नाही. हे मात्र अक्षर न् अक्षर कळलं. मी उन्हात बसलो. पाठ तापली, चहा आला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे कानांपासून वेगळे झाले. समोर तिबेटी बाईंनी स्वेटरांचं दुकान मांडलं होतं, अर्थात रस्त्यावर. मरून रंगाचा एक घेतला. मापाचा नव्हता, पण मी त्यांच्याशी मापावरून भांडण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

धुळ्यातल्या लॉजवर बिल चुकतं करताना मालक ओट्यावरच बसले होते. खोली कशी वाटली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “फार गार आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. “आहे ना? उत्तरेची आहे, वर दुसरा मजला आहे, ऊन म्हणून लागत नाही. मे महिन्यात या रूमसाठी भांडणं होतात साहेब. तुम्ही बाहेरगावचे, तुमच्यासाठी ठेवून देऊ का?”

मी पाचशे रुपये आगाऊ दिले. वीस मेपासून तीन दिवस, खोली तीच.