श्रावणातली सुरमई

(गिरगावातलं मालवणी घर. श्रावणातला रविवार. मामा जेवायला बसले आहेत, चेहरा सुतकी. मामी ओट्याशी. नुकताच व्हीगन झालेला भाचा हातात खोका घेऊन येतो.)

मामा : जून-जुलैचे ६१ दिवस सरकारने बोटी बांधून ठेवल्या. बंदी उठते न उठते, तोवर तुझ्या मामीचा श्रावण लागला. माणसाने जगावं कसं?

भाचा : म्हणून तर आलोय. घ्या, सुरमई!

मामा : (खोका उघडून) हिचा मधला काटा कुठाय?

भाचा : काटा नाहीच. सोयाबीनची आहे.

मामा : आणि डोकं?

भाचा : डोकं नाही.

मामा : ते दिसतंच आहे. करणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

भाचा : वास तर घेऊन बघा! त्यासाठी समुद्री शेवाळ घातलंय.

मामा : (हुंगून) समुद्राचा वास आहे खरा. ओहोटीच्या वेळचा.

भाचा : मामा, ज्या ओमेगा-३साठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ते मुळात बारीक शेवाळच तयार करतं. छोटे मासे ते खातात, मोठे मासे छोट्यांना खातात.

मामा : म्हणजे मासा हा नुसता मधला दलाल?

भाचा : अगदी बरोबर!

मामा : मग असू दे. इतका चविष्ट दलाल मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात भेटला नाही.

भाचा : बरं, मटणाचं बोलू. कोवळा फणस! मटणाच्या मसाल्यात शिजवला की रेषा अशा सुटतात...

मामी : (आतून) कुयरी श्रावणात कुठून आणलीस रे?

भाचा : डब्यातली मिळते, मिठाच्या पाण्यातली.

मामी : आणि १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती?

भाचा : (पुटपुटत) दोन-तीन ग्रॅम.

मामी : बांगड्यात वीसच्या आसपास असतात. रेषा मटणाच्या आहेत रे, पण ताकद भोपळ्याची.

भाचा : मग सोयाच्या वड्या घ्या! १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं!

मामा : (सावरून बसत) मटणाच्या दुपटीहून जास्त?

मामी : अहो, हिशोब कोरड्या वड्यांचा आहे. भिजल्या की वजन तिपटीच्या घरात जातं, ते सगळं पाणीच. तरी वाईट नाहीत. पण मिठाच्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, पाणी बदलून पुन्हा पिळाव्या लागतात. नाहीतर रश्शाला सोयाचाच वास येतो. तू पिळतोस का?

भाचा : पाकिटावर एकदाच भिजवा म्हणून लिहिलंय.

(भाचा खोटं कधी बोलत नाही, पाकिटावरचं वाचून दाखवतो, इतकंच.)

मामा : ते राहू दे. मटणात हाडं चोखायची असतात. त्याला तुझ्या कंपनीने काय काढलंय?

(भाचा खोक्याची मागची बाजू वाचतो. तिथे काही नाही.)

मामी : शेवग्याची शेंग.

(शांतता. मामी ताटं वाढते : नीरफणसाचे काप, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, सोलकढी.)

भाचा : बघा मामा, हे काप अगदी सुरमईसारखे!

मामा : बिलकूल नाही. हा नीरफणस आहे. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावलंय, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, आणि तव्यावर कडेने तेल सोडत दोन्ही बाजू खरपूस केल्यात. मसाला माशाचाच आहे, पण याने कधी स्वतःला सुरमई म्हणवून घेतलं नाही. म्हणून मी याचे आठ काप खातो, आणि तुझ्या खोक्यातला एकही नाही.

भाचा : आणि ही आमटी?

मामी : काळे वाटाणे काल रात्री भिजत घातले. कांदा-खोबरं चांगलं काळपट होईस्तोवर भाजून वाटलं, मालवणी मसाला घातला. कोंबडीच्या रश्शालाही हेच वाटण करते. कोंबडी तेवढी आली नाही.

भाचा : (बोटं चाटत) मामी, वडे तांदळाचे आणि डाळीचे, सोलकढी नारळाच्या दुधाची. म्हणजे हे सगळं ताटच व्हीगन आहे!

मामा : म्हणजे मी आजवर कोंबडी-वड्यांतले वडे व्हीगन खात होतो? आणि कुणी मला सांगितलं नाही?

भाचा : मामा, तुम्ही अर्धे आमचेच आहात.

मामा : उरलेला अर्धा गणपती गेले की बाजारात जाणार आहे.

भाचा : मामी, हे सगळं लिहून द्या. खोका परत नेतो.

मामी : लिहून देते. कापांना सुरण घेतलास तर आधी कोकम नाहीतर चिंच लाव, घसा खाजेल. आणि दूध-दहीसुद्धा सोडलंयस ना? मग डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी सुरू कर. ते सुरणात नाही, फणसात नाही, वाटाण्यात नाही, आणि तुझ्या सोयाबीनमध्येही नाही.