आधी अर्थिंग, मग हौस

"काकू, रात्रीच्या वळवात पलीकडच्या बंगल्यात काय जळालं म्हणे?"

"जावयानं दिवाळीला दिलेलं होम थिएटर. सकाळी लावून बघितलं तर टीव्हीवर चित्र दिसतंय, आवाजाचा पत्ता नाही."

"अगं बाई! त्यांच्याकडं तर केवढा मोठा स्टॅबिलायझर आहे!"

"असू दे ना. व्होल्टेज उतरलं की चढवायचं, चढलं की उतरवायचं, एवढंच त्याचं काम. त्यातला रिले टक् करून हलेपर्यंत विजेचा झटका आत शिरून जाळायचं ते जाळून मोकळा. आमच्या दुकानाच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना हेच सांगत आले मी. ऐकतंय कोण?"

"पण ते तर म्हणत होते, आभाळ गडगडायला लागल्याबरोबर आम्ही पिना काढल्या."

"पिना काढल्या गं, पण गच्चीवरच्या डिशची वायर? ती तशीच जोडलेली. डिशवरून सेटटॉप बॉक्स, तिथून अँप्लिफायर. वीज जवळपास कुठं पडली तरी एवढ्या लांब वायरीत झटका तयार होतो. इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीचंही तेच. पिन काढायची तर या वायरीसुद्धा काढायच्या, आणि त्या गडगडाट सुरू व्हायच्या आधी. डोक्यावर कडाडत असताना वायरीला हात लावायला जायचं नाही."

"मग तो स्पाइक गार्ड घेतात, त्याचा काही उपयोग?"

"खरा असेल तर आहे. त्याच्या आत एक चपटी गोल टिकली असते, व्हॅरिस्टर म्हणतात. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनला बहुतेक २७५ ची लावतात. एरवी ती गप्प असते. उसळी आली की जादाचा झटका स्वतःवर घेऊन न्यूट्रलकडं, अर्थिंगकडं वळवते. दर झटक्याला झिजते मात्र. बोर्डावरचा तिचा दिवा विझला की तो बोर्ड नुसतं एक्स्टेंशन. आणि लाल खटका दिसला म्हणजे स्पाइक गार्ड असं नसतं हो. पाठीमागं ज्यूलचा आकडा छापलाय का ते बघायचं. नसेल तर दुकानदाराला परत द्यायचा. थेट घरावरच वीज पडली तर मात्र टिकलीचं काही चालत नाही."

"आमच्याकडं जळत नाही काही, पण घुमतं फार. यांनी तर सोन्याचा मुलामा दिलेली वायर मागवली. किंमत अजून मला सांगितलेली नाही."

"सांगणारही नाहीत! घुमतं म्हणजे कसं?"

"एकसारखं हम्म्म. फ्रीज चालू झाला की टक्. आणि लाइट गेली, इन्व्हर्टरवर आलं, की घर्रर्र."

"ही तीन दुखणी झाली. घर्रर्रचं आधी सांगते. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, त्यावर पंखासुद्धा कुरकुरतो. साइन वेव्हचा घ्या, नाहीतर लाइट गेल्यावर गाणी बंद ठेवा. टक् होतं ते फ्रीजच्या मोटारीचं. फ्रीज आणि अँप्लिफायर एका बोर्डावर नकोत. आणि हम्म्म ही आपल्या ५० हर्ट्‌झच्या लाइनची घुमघुम. टीव्हीकडून अँप्लिफायरला येणारी वायर उपसून बघायची. आवाज थांबला तर दोन यंत्रांची जमीन दोन ठिकाणांहून येतेय. सगळ्या पिना एकाच बोर्डावर घ्यायच्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं."

"यांचे मित्र म्हणाले, पिनेचा मोठा दांडा कापून टाका, घुमणं बंद."

"त्या मित्राला चहालासुद्धा बोलावू नको! उद्या फेज बॉडीला लागला तर गाण्याऐवजी माणूस घुमेल. तो दांडाच अर्थिंगचा. बरं, तुमचा अर्थिंगचा खड्डा कुठंय?"

"मागं, तुळशीपाशी. बांधकामाच्या वेळी मीठ-कोळसा घातला होता. तेव्हापासून कोण बघतंय?"

"हाच घोळ आहे कोपरगावात. आपली काळी माती. चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकली, खड्ड्यातल्या पाइपपासून सुटली, की अर्थिंग नावापुरतं. मग स्पाइक गार्डनं झटका ढकलायचा कुठं? उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं."

"पाणी? काकू, नळाच्या पाण्यासाठी येसगावच्या तळ्यांकडं डोळे लावून बसतो आपण, आणि खड्ड्याला बादली?"

"आरओचं वाया जाणारं पाणी ओत की. आणि नळाचं नाव काढलंसच तर बघ, पाणी आल्याबरोबर गल्लीतल्या मोटारी एकदम घुंऽऽ करतात, बल्ब पिवळा पडतो. मळ्यातही तसंच. शेतीची लाइट आली की ऑटोस्विचवाल्या सगळ्या मोटारी एका दमात उठतात. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, हे महावितरण सांगून थकली."

"नियमानं व्होल्टेज असावं तरी किती?"

"२३० च्या ६ टक्के वर-खाली. म्हणजे २१६ ते २४४. पण खरी भीती न्यूट्रल सुटण्याची. डीपीवर न्यूट्रल सुटला की एका घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरात साडेतीनशेच्या वर जातं. एमसीबी व्होल्टेज बघून पडत नाही आणि टिकली तेवढा वेळ तग धरत नाही. त्याला मेन बोर्डातच ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लागतो. बल्ब एकाएकी ढणाणा पेटला तर विचार करायचा नाही, मेन पाडायचा आणि १९१२ ला फोन लावायचा."

"आणि गेलेली लाइट परत आली की?"

"पाच मिनिटं थांबायचं. सगळ्यांचे फ्रीज, मोटारी उठून स्थिर होऊ द्यायच्या, मग आपली गाणी."

"म्हणजे यांची सोन्याची वायर वायाच!"

"तिनं झटका अडत नाही आणि घुमणंही जात नाही. तेवढ्या पैशांत नवा खड्डा आणि कटऑफ दोन्ही झालं असतं. आता असं कर. परवानाधारक वायरमन बोलाव, न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घे. दोन-तीनच्या आत असलं तर ठीक, जास्त निघालं तर वायरिंग आणि खड्डा दोन्ही बघायला लाव. त्यानंतर कटऑफ, त्यानंतर चांगला स्पाइक गार्ड. स्पीकर बदलायची हौस सगळ्यात शेवटी. आणि मृगाच्या आत उरकून घे. एकदा पावसाला सुरुवात झाली की गावात वायरमन मिळत नाही."