अकरा

सकाळी सव्वासातला फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस 'हॅलो' न म्हणता नुसतं 'अकरा' म्हणतो. तुमच्याकडेही असा कुणीतरी असेलच. आमच्याकडे तो माझा साडू आहे. पहिल्यांदा हा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी अकरावा आहे. आवाज खाली आणून मी विचारलं, "कुणाचा?"

"डब्याचा," साडू म्हणाले.

डबा म्हणजे नॅस. दोन हार्ड डिस्क पोटात घेऊन दिवसरात्र घुरघुरणारी, घरच्या नेटवर्कला जोडलेली पेटी. क्लाउडचं नाव काढलं की साडू उखडतात. "आपला माळा असताना दुसऱ्याच्या माळ्यावर ट्रंक कशाला ठेवायची?" हा त्यांचा सवाल. दोन्ही डिस्कवर तेच ते सगळं. एक गेली तर दुसरी आहे. पण चुकून काही पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जाणार, म्हणून तिसरी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, ताईच्या पाटल्यांच्या शेजारी. लॉकर उघडला की ताई दागिने मोजते आणि साडू डिस्क बदलतात.

तर अकरा. "गिगाबिट म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट. आठाने भागा. सव्वाशे मेगाबाइट. वाटेतली गळती सोडून द्या, एकशे दहा तरी हातात पडायला हवेत की नाही? पडतात किती?" इथे ते थांबतात. आता आमच्या घरातली सहा वर्षांची नातसुद्धा इथे 'अकरा' म्हणते.

भाच्याच्या मुंजीत ऐन मंगलाष्टकांनंतर ते माझ्या कानाशी लागले, "कालही अकराच." पुढे बसलेले गुरुजी गर्रकन वळले. "अकरा कसे? अकराशे ठरलेत!" साडू कळवळून म्हणाले, "अकराशे कसे येतील, गुरुजी? एकशे दहाच्या वर वायरला झेपणारच नाही." त्या दिवशी दक्षिणेचं पाकीट आधी मोजून मग आशीर्वाद मिळाला.

संशयित पुष्कळ झाले. राउटर बदलला, अकरा. सेटिंगं उलटीपालटी केली, अकरा. मग कुठूनसं त्यांच्या डोक्यात आलं की डिस्क 'कौलारू' आहेत. ही थट्टा नव्हे. काही डिस्कवर जास्त माल मावावा म्हणून माहितीचे पट्टे खरोखरच कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. साडू मूळचे राजापूरकडचे. जेवणाच्या ताटात पापडाचे तुकडे एकावर एक रचून त्यांनी मला दाखवलं. "वाचताना काही त्रास नाही. पण मधलं एक कौल बदलायचं, तर शेजारची चार उचलावी लागतात. पावसाळ्याआधी घर शाकारलंय का कधी? वेळ लागणारच!" दोन नव्या, बिनकौलारू डिस्क आल्या. पापड मी खाल्ला. अकरा.

केबलीवर मात्र संशय नाही. कारण ती त्यांनी स्वतः क्रिंप केली होती. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीतल्या डब्यापर्यंत, दाराच्या चौकटीतून, आठही तारा रंगांच्या क्रमाने लावून. क्रिंपिंगचा चिमटा अजून देवघराच्या खणात असतो.

"पण भाऊजी, अडतंय काय?" माझ्या बायकोने एकदा विचारलं. प्रश्न रास्त होता. फोरके सिनेमा बघायला सेकंदाला पंचवीसेक मेगाबिट पुरतात, म्हणजे जेमतेम तीन मेगाबाइट. अकरात तीन टीव्ही आरामात चालतील, आणि घरात टीव्ही एक, तोही ताईच्या मालिकांना वाहिलेला. साडू बराच वेळ गप्प बसले. "अडत काही नाही," ते म्हणाले, "पण येत नाहीयेत ना."

त्या डब्यात काय आहे हे मला उशिरा कळलं. आमच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवर बुरशी आली होती. आम्ही ती टाकायलाच काढली होती. साडूंनी पिशवीतून उचलली. रविवारी जुन्या बाजारात जाऊन कुणाचातरी व्हीसीआर आणला, कॅसेट उघडून फीत बोटाबोटाने पुसली, आणि पट्ट्यापट्ट्यांचं का होईना, चित्र उतरवलं. त्यात सासरे आहेत. पंगतीत वाढता वाढता कॅमेऱ्याकडे बघून, जिलबीचं ताट आडवं धरून म्हणतात, "मला काय काढतोस, नवरीला काढ." त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठे नाही. बायकोने तो तुकडा चार वेळा लावला. साडू मागे उभे राहून म्हणाले, "बघा, अकराला पण अडकत नाहीये." हे ते कौतुकाने म्हणाले की तक्रारीने, ते मला कळलं नाही.

शेवटी इंटरनेटवाल्याचा पोरगा आला, भलत्याच कामाला. बूट काढायच्या आधीच त्याने डब्यामागचा दिवा बघितला. "काका, हा नारिंगी का? हिरवा पाहिजे." मग तो केबलीवरून बोट फिरवत दारापर्यंत गेला आणि चौकटीपाशी थांबला. तिथे केबल चपटी झाली होती. डब्याची घुरघुर ताईच्या झोपेत येऊ नये म्हणून साडू रोज रात्री ते दार जपून, घट्ट लावत होते. आठातली एक तार गेली होती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन भागतात; म्हणून बिचारं यंत्र मुकाट्याने शंभरावर उतरलं होतं. शंभर भागिले आठ, वजा गळती. डबा वर्षभर तेच तर सांगत होता.

नवी केबल पडली. एकशे बारा. त्या रात्री त्यांनी सगळ्यांना फोन केला, नातीलासुद्धा. नंतर फोन आला नाही. तीन आठवडे सव्वासातला मी उगाच फोनकडे बघायचो.

मग मीच गेलो, लग्नाचं सगळं चित्रण मागायला. साठेक जीबी. पूर्वी असं काही घ्यायचं म्हणजे दीड तास; त्यात पोहे व्हायचे, दुसरा चहा व्हायचा, साडू राजापूरच्या घरावर यायचे, मी निवृत्तीवर. या वेळी नऊ मिनिटं लागली. ताईने पोहे नुकते भिजवले होते.

"झालं?"

"झालं."

मी डिस्क खिशात घातली, चपला पायात सरकवल्या. साडू दारात उभे होते, चौकटीला हात लावून.

"आणा ती जरा इकडे," ते म्हणाले. "सगळ्या फायली नीट उतरल्यात का, एकेक पडताळून घेतो. त्याला वेळ लागेल."

मी चपला काढल्या.