कशालाही चालेल असं

पुण्याच्या कंपनीचं काम हिंगोलीतल्या घरी बसून करणाऱ्या पोरांत कशालाही-चालेलवाला हमखास सापडतो. मोंढ्यातल्या अडत्यानं त्याला हळदीच्या पोत्यांसाठी एक ते दोनशे नंबरांच्या चिठ्ठ्या काढून मागितल्या, तर दुसरा कोणी ते काम चहा निवायच्या आत उरकील. हा आधी विचारतो, "अन् उद्या सोयाबीन आलं तर?" मग गो भाषेत जेनेरिक फंक्शन लिहायला बसतो. त्यात पूर्णांक चालतात, दशांश चालतात, पायरी कितीचीही घ्या, मोजणी उलटी करा. चिठ्ठ्या तेवढ्या निघायच्या राहतात. दोष त्याच्या एकट्याचा नाही. 2009 साली जाहीर झालेल्या गोनं साधेपणाच्या हट्टापायी जेनेरिक्स थेट मार्च 2022 च्या 1.18 आवृत्तीपर्यंत लांबवली. इतका उपास घडल्यावर पहिल्या पंगतीला हात आवरत नाही. पुढे 1.22 नं रेंजला नुसता आकडा देऊन मोजायची सोय केली, पण ती शून्यापासून मोजते. मापाडी एकाला 'लाभ' म्हणून तिथून सुरुवात करतो, त्याचं काय, हा याचा रास्त सवाल.

त्याच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे: प्रत्येक प्रकारच्या आकड्यासाठी तेच फंक्शन वेगळं लिहायचं आणि एक चूक पाच ठिकाणी दुरुस्त करायची, हा जाच खरा होता. पण एकच फंक्शन सगळ्यांना लावलं, की त्यातली एक चूकही सगळ्यांना लागते, आणि प्रत्येकाला वेगळी बाधते. आठ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकाला 'दोनशे पंचावन्नपर्यंत' मोजायला सांगा; त्यापुढचं पाऊल शून्यावर पडतं आणि मोजणी कधी थांबतच नाही. दशांशात शून्यापासून 0.1 च्या पायरीनं एकच्या आत मोजा; दहा बेरजांनंतरही बेरीज एकला किंचित कमी पडते आणि दहाच्या जागी अकरा आकडे हाती येतात. मोंढ्यात पोती मोजतात आणि हळद तोलतात. हमाल दोन्हींत घोळ करत नाही. उपाय भाषेतच आहे: फंक्शन फक्त पूर्णांकच घेईल अशी अट घालायची, दशांश हवाच तर पायऱ्या पूर्णांकात मोजून शेवटी गुणाकार करायचा. त्याला हे पटतं, पण रुचत नाही. अट घातली, तर मग 'कशालाही' कुठं राहिलं?