विनंती थांबा

प्रवासाला निघण्याआधी माणसं कुठे जायचं ते ठरवतात. नानामामा कुठे थांबायचं ते ठरवतात. मग त्या थांब्यांच्या पुढेमागे एखादं गाव निघालंच, तर तिथे आपलं कोण आहे ते मामी सांगतात.

मामांची सारी नोकरी एसटीत गेली, शेवटची बरीच वर्षं स्वारगेटला, वाहतूक नियंत्रकाच्या काचेआड. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, किती मिनिटं उभी करायची, कधी सोडायची, हा त्यांचा शब्द. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना पेट्रोलची गाडी घेऊन दिली होती. मामांनी ती कधी मनापासून चालवली नाही. जिला पुणे ते कोल्हापूर थांबायला काही कारणच लागत नाही, तिला गाडी कशी म्हणायची, असा त्यांचा सवाल होता.

मग एसटीची विजेवरची शिवाई आली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली होती. १ जून २०२२ ला पहिली शिवाई त्याच मार्गावर सोडली. मामांना हा योगायोग वाटला नाही, परिपत्रक वाटलं. पुढच्या दसऱ्याला दारात विजेवरची, हिरव्या नंबरप्लेटची गाडी उभी राहिली आणि मामी माझ्या आईला फोनवर म्हणाल्या, “वन्सं, ह्यांना परत ड्युटी लागली बरं का.”

मामांची वही पाहण्यासारखी आहे. आडवी, लाल कापडी पाठीची, आगारात असायची तशी. एकेका मार्गाला एकेक पान. रकाने असे: ठिकाण, अंतर, पोचताना बॅटरीचे टक्के, निघताना टक्के, चार्जरला गन किती, चहा, शौचालय, सावली आणि शेवटी शेरा. बाकीचे रकाने कुठलंही अ‍ॅप देईल. शेरे मात्र मामांचेच. “वॉचमन झोपतो. उठवल्यास सहकार्य करतो.” “चार्जर उत्तम, भजी तेलकट.” “चार्जरपाशी नेटवर्क नाही. लिंबाखाली येते.” एका ठिकाणी नुसतंच “कुत्रे” लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

अ‍ॅपमधल्या हिरव्या ठिपक्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. प्लगशेअर अ‍ॅपवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचतात, पण तेही ऐकीव म्हणून. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते प्रत्येक थांब्याला फोन लावतात. एकदा मी शेजारीच होतो.

“नमस्कार, तुमच्याकडे चार्जर आहे ना?”

“आहे.”

“चालू आहे?”

“असेल की.”

“असेल की आहे?”

“काका, मी भटारखान्यातनं बोलतोय.”

“मग जरा बाहेर जाऊन बघा. हिरवा दिवा आहे का लाल?”

आणि तो माणूस खरोखर बाहेर जाऊन बघून आला! मामांच्या आवाजात अजून तो जोर आहे.

अ‍ॅप्सचं म्हणाल, तर प्रत्येक कंपनीचं निराळं, आणि प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे. युनिटला कुठे अठरा, कुठे चोवीस, वर १८ टक्के जीएसटी. गाडी भरली की खात्यात तेहतीस रुपये, सत्तावन्न रुपये असं काहीतरी शिल्लक राहतं. मामी म्हणतात, ह्यांचे पैसे जितक्या ठिकाणी अडकलेत तितक्या ठिकाणी तर आमचे नातेवाईकही नाहीत.

मध्यंतरी मामींच्या माहेरी, सावंतवाडीकडे, मुंज होती, तेव्हा मीही बरोबर होतो. मार्ग सरळ आहे: सातारा, कराड, कोल्हापूर, संकेश्वरला महामार्ग सोडायचा, मग गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. कंपनीच्या कागदावर गाडीची मजल साडेचारशेच्या घरात आहे. त्या हिशेबाने वाटेत जेमतेम नाकाला रुमाल लावण्यापुरतं थांबलं तरी चाललं असतं. पण कागदावरची मजल प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून काढतात. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्रात खंबाटकीचा घाट नसतो, मामी नसतात आणि मुंजीच्या आहेराची बोचकी तर मुळीच नसतात. मामांचा स्वतःचा आकडा अडीचशे. तोही ताशी ऐंशीने.

ऐंशीवर मामांची निष्ठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते खरंही आहे. आगारात दहा लिटरला किती किलोमीटर पडले याचा फळा असायचा. मामा आता युनिटला किती पडले ते बघतात, सहाच्या खाली आकडा गेला की त्यांचा चेहरा पडतो. मागचे ट्रक हॉर्न देतात, दिवे मारतात, शिवापूरच्या टोलनाक्यावर ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे आनेवाडीच्या आधीच पुढे गेलेले असतात. मामा डावी बाजू सोडत नाहीत.

एसीवरून खंडाळ्याजवळ वाद झाला. हा खंडाळा साताऱ्याचा, घाटाच्या पायथ्याचा. मामांनी चढाचं निमित्त करून हळूच बटण बंद केलं.

“अहो, किती खातो तो एसी?”

“तासाला एक युनिट. म्हणजे सहा-सात किलोमीटर.”

“मग सावंतवाडीच्या सात किलोमीटर अलीकडे मला उतरवा. भाऊ येईल न्यायला. पण आत्ता लावा.”

एसी लागला. बरोबर आहे मामींचं. भर रस्त्यावर गाडी जी वीज खाते तिच्यापुढे एसीची वीज किरकोळच, पण एसी बंद करता येतो आणि घाट बंद करता येत नाही, म्हणून सगळे विजेच्या गाडीवाले एसीच्याच मागे लागतात.

पहिला मोठा थांबा कराडच्या अलीकडे, एका हॉटेलच्या आवारात. साठ किलोवॅटचा चार्जर, दोन गन. दोन गाड्या लागल्या की बहुधा तीस-तीसची वाटणी होते. आम्ही पोचलो तेव्हा एका गनला एक गाडी लागलेली होती आणि दुसऱ्या गनसमोर कुणा वऱ्हाडाची पेट्रोलची गाडी, आरशाला झेंडूचा हार लावून, सावली बघून उभी केलेली. मामांनी आधी लागलेल्या गाडीच्या पडद्यात डोकावून पाहिलं. ८७ टक्के.

वऱ्हाडाच्या गाडीचा त्यांना राग आला नाही. ते अडाणी लोक, त्यांचं काय. पण सत्त्याऐंशी! चार्जिंगच्या जगात ऐंशीनंतर गन सोडायची हा अलिखित शिष्टाचार आहे, आणि ज्याला तो ठाऊक असूनही जो पाळत नाही त्याला मामा क्षमा करत नाहीत. ते हॉटेलच्या दारात गेले, दोन्ही हात मागे बांधले, आणि मी लहानपणी स्वारगेटला ऐकलेला तो आवाज थाळ्यांच्या खणखणाटावरून आला:

“इकडे लक्ष द्या! एमएच बारा, निळी गाडी, चार्जर क्रमांक एक! आपले ऐंशी टक्के पूर्ण झालेले आहेत. मालकांनी आपल्या गाडीजवळ त्वरित यावे!”

हॉटेलात क्षणभर कुणी घास उचलला नाही. सवयीने तिघा-चौघांनी पिशव्या उचलल्या. कोपऱ्यातून एक तरुण उजवा हात खरकटा घेऊन बाहेर आला.

“काका, मला गोव्याला जायचंय. शंभर करूनच निघणार.”

“किती वेळ झाला लावून?”

“वीस टक्क्यांना लावली. पाऊण तासात ऐंशी झाले, आणि आता वीस मिनिटं झाली, सातच टक्के वाढलेत. चार्जर खराब आहे.”

मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा. त्यांनी तरुणाला चार्जरला टेकवून उभं केलं. “हे बघा, रिकामी एसटी फलाटाला लागते. दार उघडलं की पहिले तीस प्रवासी किती वेळात बसतात? दोन मिनिटांत. जागाच जागा. मग चाळिसावा चढतो, तो मागे जातो, पुढे येतो, ‘ताई जरा सरका’ म्हणतो. शेवटच्या चौघांना बसवायला तितकाच वेळ लागतो, आणि घाई केली तर भांडणं. बॅटरीत तसंच आहे. चार्जर चांगला आहे, कंडक्टर शहाणा आहे. तो मुद्दाम हळू घेतो.”

हे मी नंतर एका जाणकार मित्राला सांगितलं. तो म्हणाला, लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत रिकाम्या जागा शोधत शिरतात, आणि बॅटरी भरत आली की प्रवाह आपोआप कमी केला जातो. तुझे मामा बरोबर आहेत. मामांना मी हे कळवलं नाही. त्यांना बरोबर असण्याची आधीच फार सवय आहे.

तरुण स्पष्टीकरणाने हलला नव्हता. हलला तो वहीने. मामांनी बोनेटवर पान उघडलं, बोट ठेवलं. “आत्ता निघालात तर कोल्हापूरला पंचावन्न टक्क्यांनी पोचाल. तिथे हा चार्जर. शेरा वाचा.”

“‘मिसळ समोर. कट मागून घ्यावा.’”

तरुणाने पानाचा फोटो काढला, हात धुतला, गन काढून दिली. मामांनी आमची लावली. खट् आवाज आला, पडद्यावर आकडा फिरू लागला आणि मामा खुर्ची ओढून आकड्यासमोर बसले. वऱ्हाडाच्या ड्रायव्हरलाही बोलावून त्यांनी गाडी पुढे घ्यायला लावली, कारण कुणी न विचारता दुसरा फलाट अडवून ठेवणं त्यांना बघवत नव्हतं. पुढच्या अर्ध्या तासात आलेल्या तिसऱ्या गाडीला हात दाखवून त्यांनी स्वतः ती मागे घेतली, “येऊ द्या, येऊ द्या, बास!” म्हणत काचेवर थाप मारून.

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही अंगांना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं, हे मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. संकेश्वर सोडल्यावर मात्र सांगायचे थांबले. त्यांच्या भाषेत तिथून ‘ग्रामीण फेऱ्या’ सुरू होतात.

गडहिंग्लजच्या पुढे एकाने आपुलकीने सुचवलं, आंबोलीत ओळखीच्या लॉजवर लावा, शंभर करूनच खाली उतरा. मामांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. शंभर टक्के भरलेली गाडी घाट उतरू लागली, की पाय उचलल्यावर मोटरीचं जनित्र होऊन जी वीज परत येते ती घ्यायला बॅटरीत जागाच नसते. “फुकटची वीज काय डिकीत ठेवू?” असं म्हणून त्यांनी बॅटरीत मुद्दाम जागा राखून घाटाला तोंड घातलं.

आंबोलीचा घाट मी त्या दिवशी पाहिला असं म्हणता येणार नाही. दरीत ढग उतरले होते म्हणतात. गाडीतल्या सगळ्यांचे डोळे आकड्यावर. एक्केचाळीस. बेचाळीस. एका वळणावर माकडांचा कळप रस्त्यात आडवा बसला होता, मामांनी त्यांना बघून ब्रेक न मारता नुसता पाय उचलला आणि त्रेचाळीस झाले. “माकडांचा अर्धा टक्का!” मामा ओरडले. हिशेब तसा साधा आहे. दीड-पावणेदोन टनांचं ओझं सुमारे सातशे मीटर खाली आणलं की तीनेक युनिटांची ऊर्जा मिळते, त्यातली निम्मी-पाऊण बॅटरीत जाते. पैशात बोलायचं तर दोन वडापाव. पण मामा पायथ्याला उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आले, बोनेटला हात लावून. एवढं खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मुलाच्या लग्नात जेवणावळ वेळापत्रकाच्या मागे चालली होती.

मामींच्या माहेरी मात्र पंचाईत झाली. पाणी, गूळ, चहा सगळं पुढे आलं आणि मामांनी पायरीवरूनच विचारलं, “पंधरा अँपियरचा पॉइंट कुठे?” पॉइंट गोठ्याशेजारी निघाला. मामांनी जाड वायरचं बोर्ड टाकलं, गाडीची केबल जोडली, आणि केबलवरच्या डबीवर लाल दिवा. अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की ती डबी वीज घेतच नाही, हे शहाणपण तिच्यात कंपनीनेच घालून दिलेलं आहे. मामांनी अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला, त्यात मीठ घातलं आणि मुंजीच्या घरातल्या पोरांना रांगेत उभं करून घागरींनी पाणी ओतायला लावलं. मुंजा मुलगा सोवळ्यात पहिला. भटजींनी मुहूर्ताची आठवण केली. मामा म्हणाले, “दोन मिनिटं. ह्याचाही मुहूर्तच आहे.” दिवा हिरवा झाला, तेव्हा मंगलाष्टकांच्या अक्षता निम्म्या गोठ्याकडेच पडल्या.

आता मामांनी नागपूरचं पान उघडलं आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना समृद्धीवर टोलमाफी दिली. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो रस्ता. मामांना टोलमाफीचं अप्रूप आहे, पण रस्ता फार सरळ म्हणून तक्रारही आहे. शेऱ्याचा रकाना रिकामा राहतोय. मामींनी ते पान पाहिलं, काही न बोलता फोन घेतला आणि स्वतःचं रेल्वेचं तिकीट काढून टाकलं.

“रेल्वे तरी कुठे न थांबता जाते?” मामा दुखावून म्हणाले. “मनमाडला थांबते, भुसावळला थांबते. आणि तीही विजेवरच चालते.”

“चालते ना,” मामी म्हणाल्या. “पण ती वायर डोक्यावर घेऊन चालते. गोठ्यात नाही शोधत फिरत.”

मामांनी वहीत भुसावळसमोर काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. शेऱ्याच्या रकान्यात होतं, “सौ. येथे भेटण्याची शक्यता. केळी घ्यावीत.”